टोपीवरचं नाण्याएवढं चिन्ह: वस्तूकडून संशोधनप्रश्नाकडे

इतिहासात संशोधन करायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा कागद येतो. मोडीतली दफ्तरं, गॅझेटिअर, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रांच्या फायली. सिनॉप्सिसमध्ये ‘साधने’ या मथळ्याखाली आपण हेच सगळं लिहितो आणि शेवटी ‘भौतिक साधने’ अशी एक ओळ टाकून मोकळे होतो. मुलाखतीत समोरच्या तज्ज्ञांनी विचारलं, की ‘या वस्तूंचं तुम्ही नेमकं काय करणार?’, तर मात्र आपली पंचाईत होते.

आज त्या एका ओळीबद्दल बोलू या. उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलंय: जर्मन सैनिकांच्या टोप्या आणि त्यांच्यावरची चिन्हं. जगभर हजारो लोक या टोप्या जमवतात, त्यांचे लिलाव होतात, त्यांच्यावर जाडजूड सचित्र सूचीग्रंथ निघतात. यातली बरीच मंडळी व्यावसायिक इतिहासकार नाहीत, हौशी संग्राहक आहेत. विद्यापीठातल्या माणसाला हा प्रकार जरा पोरकट वाटतो. ‘बटणं मोजणारे लोक’ असं म्हणून त्यांना बाजूला सारलं जातं. माझं म्हणणं असं आहे, की बटणं मोजणं इतिहासकाराला यायलाच हवं. फक्त तिथे थांबून चालत नाही. हे कसं, ते एकेक पायरीने पाहू.

कागद जळाला तर?

आधी एक साधी अडचण लक्षात घ्या. प्रशियाच्या सैन्याचं दफ्तर पॉट्सडॅमच्या लष्करी अभिलेखागारात होतं. एप्रिल 1945 मध्ये त्या शहरावर बॉम्बहल्ला झाला आणि त्या दफ्तराचा फार मोठा भाग जळून गेला. बव्हेरियाच्या सैन्याचे कागद म्युनिकला आणि व्युर्टेंबर्गचे स्टुटगार्टला होते, म्हणून ते बऱ्याच अंशी वाचले. म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्यावर काम करायचं, तर सगळ्यात मोठ्या घटकाचेच कागद तुटपुंजे आहेत. अशा वेळी छापील नियमपुस्तकं, सैनिकांच्या घरी राहिलेली पत्रं, फोटो आणि वस्तू यांची किंमत एकदम वाढते.

पण वस्तू आपणहून बोलत नाही. तिला प्रश्न विचारावे लागतात, आणि त्याआधी तिची भाषा शिकावी लागते. मोडी शिकल्याशिवाय पेशवे दफ्तरात शिरता येत नाही, तसंच हे.

थोडी ओळख: डोक्यावर काय काय होतं?

टोकदार भाल्याच्या पात्यासारखा शेंडा असलेलं चामडी शिरस्त्राण तुम्ही चित्रांत पाहिलं असेल. त्याला पिकेलहाउब म्हणतात. प्रशियाने ते 1842 मध्ये आणलं, बव्हेरियाने बऱ्याच उशिरा, 1886 मध्ये. खंदकांच्या युद्धात चामड्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून 1916 पासून पोलादी हेल्मेट आलं.

पण सैनिक चोवीस तास हेल्मेट घालून बसत नाही. एरवी त्याच्या डोक्यावर कापडी टोपी असे. साध्या शिपायाची टोपी गोल, पुढे झडप नसलेली. अधिकाऱ्याची मात्र झडप असलेली, म्हणजे आपल्याकडे पोलीस अधिकारी घालतात तशी पी-कॅप. प्रशियाच्या पायदळाच्या टोपीला खाली लाल पट्टी असे. 1907 ते 1910 च्या दरम्यान रणांगणावरचा गणवेश करड्या रंगाचा झाला, तरी ही लाल पट्टी टिकली. मग युद्धात ती लांबून दिसू नये म्हणून तिच्यावरून करड्या कापडाची पट्टी गुंडाळायची पद्धत आली. आता अशी एखादी टोपी हातात आली आणि तिची लाल पट्टी जागोजागी वेगवेगळी उडालेली दिसली, तर वर झाकण होतं का, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. रंग उडणं हासुद्धा पुरावाच आहे.

दुसऱ्या महायुद्धातली शिपायाची नेहमीची टोपी वेगळी: होडीसारखी, घडी घालून खिशात किंवा पट्ट्यात खोचता येणारी. 1934 च्या नमुन्याची ही साइड कॅप. 1942 मध्ये कानांवर ओढता येतील असे पदर आणि पुढे दोन बटणं असलेला नमुना आला आणि 1943 मध्ये झडप असलेली टोपी. ही शेवटची टोपी पहाडी तुकड्यांच्या जुन्या टोपीवरून घेतलेली होती.

एवढी ओळख आपल्या कामापुरती पुरे. आता मुख्य गोष्ट, म्हणजे चिन्ह.

कपाळावरची राज्यघटना

जर्मन टोपीवर पुढच्या बाजूला एक गोल, रंगीत बिल्ला असतो. आकार साधारण आपल्या रुपयाच्या नाण्याएवढा. त्याला कोकार्ड म्हणतात. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, 1813 मध्ये, प्रशियाच्या राजाने काळं-पांढरं कोकार्ड हे सगळ्या प्रजेचं चिन्ह केलं. इतर राज्यांचे रंग वेगळे: बव्हेरियाचं पांढरं-निळं, सॅक्सनीचं पांढरं-हिरवं, बाडेनचं पिवळं-लाल, व्युर्टेंबर्गचं काळं-लाल.

1871 मध्ये जर्मन साम्राज्य झालं. आपल्याला पाठ्यपुस्तकात शिकवतात, की ‘जर्मनीचं एकीकरण झालं’. पण टोपी पाहिली तर गंमत कळते. एकीकरणानंतर तब्बल सव्वीस वर्षं जर्मन सैनिकाच्या टोपीवर आपापल्या राज्याचंच कोकार्ड होतं. बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेंबर्ग यांची युद्धखाती वेगळी होती, सैन्याची व्यवस्था वेगळी होती. 22 मार्च 1897 रोजी, पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, साम्राज्याचं काळं-पांढरं-लाल कोकार्ड सगळ्यांना देण्यात आलं. मात्र राज्याचं कोकार्ड काढलं नाही. टोपीवर दोन कोकार्डं आली: वर साम्राज्याचं, खाली राज्याचं. पिकेलहाउबवर उजवीकडे साम्राज्याचं, डावीकडे राज्याचं.

संघराज्य म्हणजे काय हे सांगायला याहून चांगलं चित्र मिळणार नाही. ‘मी आधी बव्हेरियन की आधी जर्मन?’ या प्रश्नाचं सरकारी उत्तर शिपायाच्या कपाळावर शिवलेलं होतं: दोन्ही, पण वर कोण ते लक्षात ठेव.

आता यातून संशोधनप्रश्न कसा निघतो ते पाहा. ‘जर्मन सैन्याच्या टोप्या’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘1897 मध्ये दुसरं कोकार्ड का आलं, बव्हेरियात ते कसं स्वीकारलं गेलं?’ हा प्रश्न झाला. त्याला काळ आहे, जागा आहे, आणि उत्तर शोधायला म्युनिकचं दफ्तर शिल्लक आहे. टोपीने प्रश्न दिला, उत्तर कागदातून येईल. वस्तू आणि कागद यांची अशी जोडी जुळवता आली, तर मुलाखतीत तुमची पंचाईत होणार नाही.

फोटोतला रंग फसवतो

इथे एक व्यावहारिक सूचना. तुमच्यापैकी अनेक जण जुने कृष्णधवल फोटो साधन म्हणून वापरणार आहात. त्या काळातल्या बऱ्याच काचा आणि फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळ्या होत्या आणि निळ्याला फार संवेदनशील. त्यामुळे लाल रंग काळपट येतो, पिवळाही गडद दिसू शकतो, निळा मात्र फिकट, कधी कधी पांढराच वाटतो. परिणाम असा, की व्युर्टेंबर्गचं काळं-लाल कोकार्ड फोटोत नुसता काळा ठिपका दिसतं आणि बव्हेरियाचं पांढरं-निळं फिकट ठिपका. मधली कडी उठून दिसली तर प्रशियाचं असण्याची शक्यता वाढते. ही युक्ती माहीत असेल, तर मागे काहीही न लिहिलेल्या फोटोतला माणूस कुठल्या राज्याच्या सैन्यातला, याचा अंदाज बांधता येतो. अंदाज म्हणायचं, निष्कर्ष नाही. सोबत खांद्यावरची पट्टी, बटणं, स्टुडिओचा शिक्का पाहायचा.

हे कौशल्य मला विद्यापीठातल्या कुठल्याही पेपरात शिकायला मिळालं नाही. संग्राहकांनी ते वर्षानुवर्षं एकमेकांना दाखवत जपलेलं आहे. म्हणून म्हटलं, त्यांना हसू नका.

आधी चिन्ह, मग शपथ

आता जरा गंभीर भागाकडे येऊ. नोव्हेंबर 1918 मध्ये जर्मनीत क्रांती झाली तेव्हा रस्त्यारस्त्यांवर अधिकाऱ्यांच्या टोप्यांवरची कोकार्डं आणि खांद्यांवरच्या पट्ट्या उपटून काढल्या गेल्या. सत्ता कोणाची हे ज्या जागी लिहिलेलं होतं, तिथेच लोकांनी आधी हात घातला. 1919 च्या घटनेने देशाचे रंग काळा-लाल-सोनेरी ठरवले. जुन्या मंडळींना हे रंग कधीच पचले नाहीत. 1926 मध्ये परदेशांतल्या वकिलातींवर कोणता झेंडा लावायचा या भांडणात चॅन्सेलर हान्स लुथर यांचं सरकार पडलं. रंगांचं भांडण ‘प्रतीकात्मक’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मग 1933 आलं. मार्च महिन्यात सैन्याच्या टोपीवर काळं-पांढरं-लाल कोकार्ड परत आलं. पुढच्या वर्षीच्या तारखा मी ओळीने लिहितो, तुम्ही सावकाश वाचा.

17 फेब्रुवारी 1934: सैन्याच्या टोपीवर आणि अंगरख्यावर नाझी पक्षाचं गरुड-स्वस्तिक लावण्याचा हुकूम. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग जिवंत होते, सही त्यांची. संरक्षणमंत्री जनरल ब्लोमबेर्ग यांचा त्यासाठी आग्रह.

28 फेब्रुवारी 1934: ब्लोमबेर्ग यांच्या हुकमाने सैन्याला ‘आर्य कलम’ लागू. ज्यू वंशाचे म्हणून ठरलेले सत्तरच्या आसपास सैनिक आणि अधिकारी सैन्यातून बाहेर.

2 ऑगस्ट 1934: हिंडेनबुर्ग यांचं निधन आणि त्याच दिवशी सैनिकांची हिटलरच्या नावाने व्यक्तिगत शपथ.

पाठ्यपुस्तकात बहुधा फक्त तिसरी तारीख असते. शपथ घेतली आणि सैन्य बांधलं गेलं, असं ते कथानक. ‘आम्ही शपथेने बांधलेले होतो’ हे युद्धानंतर अनेक सेनापतींनी आपल्या आठवणींत सांगितलं. पण टोपीकडे पाहिलं तर क्रम वेगळा दिसतो. शपथेच्या साडेपाच महिने आधी, कोणी पिस्तूल रोखलेलं नसताना, सैन्याच्या नेतृत्वाने पक्षाचं चिन्ह स्वतःहून कपाळावर घेतलं. आणि त्यानंतर अकरा दिवसांनी आपल्याच सोबत्यांना बाहेर काढलं. पक्षाची खासगी सेना, म्हणजे एस.ए., आपली जागा घेईल या भीतीने ब्लोमबेर्ग यांना हिटलरचा विश्वास मिळवायचा होता, असं कारण इतिहासकार देतात. कारण काहीही असो, क्रम महत्त्वाचा.

बाहेर काढलेल्यांचाही विचार करा. पहिल्या महायुद्धात सुमारे 1 लाख ज्यू जर्मन सैन्यात होते आणि त्यांतले जवळपास 12 हजार मारले गेले. त्यांच्या टोप्यांवर तेच काळं-पांढरं-लाल कोकार्ड होतं. 1933 मध्ये ते कोकार्ड परत आलं, पण ज्यांनी ते घालून जीव दिला त्यांच्या मुलांना त्यात जागा नव्हती. तीन रंगांचा एकच बिल्ला, अर्थ पूर्ण पालटलेला. वस्तूचं वर्णन करून थांबायचं नाही, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

उसवलेली फीत काय सांगते?

आता पद्धतीचा भाग. 1934 च्या नमुन्याची एक साइड कॅप समोर आहे असं धरून चला. वर गरुड-स्वस्तिक, खाली कोकार्ड. कोकार्डाच्या वर उलट्या ‘व्ही’च्या आकाराची अरुंद रंगीत फीत असते. रंगावरून सैनिकाची शाखा कळते: पांढरा म्हणजे पायदळ, लाल तोफखाना, गुलाबी रणगाडे, पिवळा संदेशवहन, काळा इंजिनिअर.

समजा, आपल्या टोपीवर ही फीत नाहीच. पण नीट पाहिलं तर कापडावर उलट्या ‘व्ही’ची खूण आहे: सुईची बारीक भोकं आणि त्या पट्ट्यात कापड थोडं गडद, कारण तिथे ऊन लागलेलं नाही.

संग्राहक म्हणेल, ‘फीत गेली, किंमत उतरली.’ काही व्यापारी तर नवी फीत शिवून टोपी ‘पूर्ण’ करतात आणि विकतात. संशोधकाने मात्र इथे आनंद मानावा. कारण जुलै 1942 मध्ये ही फीत बंद करण्याचा हुकूम निघाला. म्हणजे टोपी त्याआधी बनली असण्याची शक्यता मोठी. ती बराच काळ उन्हात वापरली गेली. आणि नंतर कोणीतरी फीत उसवली. हुकमामुळे उसवली असेल, किंवा टोपी दुसऱ्या शाखेच्या सैनिकाकडे गेली असेल. दोन शक्यता, दोन्ही तपासता येण्यासारख्या. आतला शिक्का पाहा. तिथे बनवणाऱ्याचं नाव, माप आणि साल असतं. 1942 च्या अखेरीपासून कारखान्याच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक येऊ लागला. शिक्क्यात नाव असेल तर आपला अंदाज पक्का होतो.

उलट बाजूही पाहा. फीत शाबूत आहे, म्हणून टोपी 1942 च्या आधीच वापरली असं ठरत नाही. हुकूम निघाल्यावरही अनेकांनी फीत तशीच ठेवली. नंतरच्या फोटोंत ती दिसते. हुकूम काय होता आणि लोक प्रत्यक्षात काय करत होते, यांत नेहमी फट असते. ही फट दाखवणं हेच अनेकदा चांगल्या प्रबंधाचं काम असतं. भारतातल्या सरकारी ठरावांवर काम करणाऱ्यांनाही हे तंतोतंत लागू आहे.

अशीच आणखी एक खूण म्हणजे खरवडलेलं किंवा कापून टाकलेलं स्वस्तिक. 1945 नंतर दोस्तराष्ट्रांनी नाझी चिन्हं आणि गणवेश वापरायला बंदी केली. अंगावर दुसरा कपडा नव्हता, म्हणून लोकांनी चिन्हं उसवून, कापड रंगवून तेच वापरलं. अशी टोपी लिलावात मागे पडते. पण पराभवानंतरच्या हिवाळ्यात माणसं आपल्या कालच्या ओळखीचं काय करत होती, हे तिच्याइतकं थेट सांगणारं साधन शोधून सापडायचं नाही. डागाशिवायची, ‘जशी कारखान्यातून आली तशी’ टोपी बाजारात सगळ्यात महाग, आणि आपल्याला सगळ्यात कमी सांगणारी.

टोपी घालणारे

ज्याला बाजारभाव आहे त्याची नक्कल होणारच, आणि या बाजारात ‘टोपी घालणारे’ भरपूर आहेत. खोटं कसं ओळखतात? धातूच्या चिन्हांत काळानुसार फरक पडला: आधी पितळ किंवा तत्सम मिश्रधातू, तिशीच्या दशकाच्या मध्यापासून ॲल्युमिनियम, युद्धाच्या शेवटी स्वस्त जस्त. विणलेली चिन्हं वुपरटालच्या ‘बेव्हो’सारख्या कारखान्यांच्या यंत्रमागांवर निघत, त्यांची मागची बाजू पाहून विणीची पद्धत कळते.

अतिनील दिव्याखाली टोपी धरायची हीसुद्धा लोकप्रिय परीक्षा आहे. युद्धानंतरच्या धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरींत चमक आणणारी रसायनं येऊ लागली, ती या प्रकाशात निळसर चमकतात. टोपी चमकली, की लोक ‘खोटी’ म्हणून मोकळे होतात. पण अस्सल टोपीसुद्धा कोणी 1970 मध्ये पावडरीत धुतली असेल तर चमकेल! आणि खोटी टोपी जुन्या कापडाची असेल तर चमकणार नाही. कुठलीही एक परीक्षा निकाल देत नाही. कापड, शिवण, शिक्का, झीज आणि मालकीची साखळी, या सगळ्यांचं एकमेकांशी जुळलं पाहिजे.

मालकीची साखळी हा शब्द जपून ठेवा. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद. अमेरिकन सैनिकांनी 1945 मध्ये ट्रंका भरभरून जर्मन टोप्या आठवण म्हणून घरी नेल्या. काहींसोबत वरिष्ठांच्या सहीचा परवाना असे. तो चतकोर कागद टोपीपासून वेगळा झाला, की वस्तू मुकी होते. बाजार नेमकं हेच करतो: एका माणसाच्या सामानातली टोपी एकाला, पदक दुसऱ्याला, पत्रं तिसऱ्याला विकतो, कारण सुटं विकून पैसे जास्त मिळतात.

कायद्याचंही भान ठेवा. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम 86 ‘अ’नुसार स्वस्तिकासारखी चिन्हं जाहीरपणे वापरणं गुन्हा आहे, संशोधन, शिक्षण, कला यांना सवलत आहे. तिथल्या सूचींमध्ये हे चिन्ह झाकलेलं दिसतं ते त्यामुळे. आपल्याकडे उंबरठ्यावर स्वस्तिक काढतात, म्हणून ‘ते चिन्ह तर आपलंच’ असं सहज बोललं जातं. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे, आणि ज्यांची माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली त्यांना आपल्या उंबरठ्याचा दाखला देणं हा शहाणपणा नव्हे. तसंच एस.एस.च्या काळ्या गणवेशाचं आकर्षण. तो ह्युगो बॉसने डिझाइन केला ही लोकप्रिय समजूत चुकीची आहे. रचना डिबिच आणि हेक यांची, बॉसचा कारखाना शिवणाऱ्यांपैकी एक. खरा विचारायचा प्रश्न असा, की त्या कारखान्यात युद्धकाळात शिवत कोण होतं? सुमारे 140 वेठबिगार कामगार, त्यांत बहुसंख्य बायका, आणि 40 फ्रेंच युद्धकैदी. गणवेशाकडे पाहताना त्याच्या शिवणीकडे पाहा, मग आकर्षण आपोआप उतरतं.

जेव्हा टोपीने वाद फिरवला

‘हे सगळं ठीक, पण बटणांच्या फरकाने मोठ्या इतिहासाचं काय बिघडतं?’ असं वाटत असेल तर हे वाचा.

1995 मध्ये हाम्बुर्गच्या समाजसंशोधन संस्थेने एक फिरतं प्रदर्शन सुरू केलं. विषय: पूर्व आघाडीवर नियमित जर्मन सैन्याने केलेले गुन्हे. ‘अत्याचार एस.एस.ने केले, सैन्य स्वच्छ होतं’ या समजुतीला ते थेट आव्हान होतं. शहरोशहरी गर्दी झाली, मोर्चे निघाले, संसदेत चर्चा झाली. मग 1999 मध्ये पोलिश आणि हंगेरियन इतिहासकारांनी दाखवून दिलं, की काही फोटोंखालची माहिती चुकलेली आहे. काही प्रेतं सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेल्यांची होती, आणि काही फोटोंतले सैनिक जर्मन नव्हतेच. गणवेशावरून ते हंगेरियन किंवा फिनिश होते.

प्रदर्शन थांबवावं लागलं. इतिहासकारांच्या समितीने वर्षभर तपास केला. 1,433 फोटोंपैकी वीसहून कमी फोटो तिथे असायला नको होते, आणि प्रदर्शनाचं मूळ म्हणणं बरोबर होतं, असा निष्कर्ष 2000 मध्ये आला. 2001 मध्ये नवं प्रदर्शन उभं राहिलं, या वेळी फोटो मोजके आणि कागदपत्रं जास्त.

या प्रसंगातून दोन गोष्टी घ्या. मुख्य प्रतिपादन सत्य असूनही मूठभर चुकीच्या ओळखींमुळे विरोधकांच्या हाती कोलीत मिळालं. आणि ती ओळख पटवायला लागणारं ज्ञान, म्हणजे कोणत्या देशाची टोपी कशी दिसते, हे त्याच ‘बटणं मोजणाऱ्या’ प्रकारचं होतं. ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांच्याबद्दल खरं बोलायचं असेल तर टोपीसुद्धा बरोबर ओळखावी लागते.

फेटा, वाघ आणि न वापरलेली वस्तू

एक धागा भारताशीही जुळतो. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांमधून सुभाषचंद्र बोस यांच्या प्रयत्नाने जर्मनीत ‘आझाद हिंद’ लिजन उभी राहिली, जर्मन सैन्याची 950 क्रमांकाची पायदळ रेजिमेंट. त्यांच्या दंडावर केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर झेप घेणारा वाघ आणि वर जर्मनमध्ये ‘स्वतंत्र भारत’ असं चिन्ह होतं. शीख सैनिकांना जर्मन टोपीऐवजी फेटा बांधायची मुभा होती. इतरांच्या डोक्यावर मात्र तीच साइड कॅप, तेच गरुड-स्वस्तिक. ब्रिटिशांपासून स्वातंत्र्य मागणारा माणूस कपाळावर नाझींचं चिन्ह घेऊन उभा आहे, हा ताण एका फोटोत सामावतो. त्याला ‘देशभक्त’ किंवा ‘गद्दार’ असा एका शब्दाचा निकाल लावण्याआधी तो तिथे युद्धकैदी म्हणून पोचला होता हे ध्यानात घ्या.

ऑगस्ट 1944 मध्ये ही लिजन वाफेन-एस.एस.कडे वर्ग झाली. तिच्यासाठी वाघाचं तोंड असलेली कॉलरपट्टी तयार झाल्याचं संग्राहकांच्या सूचींमध्ये दिसतं. पण ती प्रत्यक्ष कोणी घातल्याचं दाखवणारा खात्रीचा फोटो पुढे आलेला नाही. इथून एक नियम वहीत लिहून ठेवा: वस्तू बनली, वाटली गेली आणि वापरली गेली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना वेगळा पुरावा लागतो.

तुमच्या कामासाठी

आपल्याकडेही डोक्यावर काय आहे यावरून माणसाचं राजकारण ओळखलं जात होतं. पगडी, पागोटं, रुमाल, आणि विसाच्या दशकात सरकारी कचेऱ्यांतून हरकत घेतली गेलेली गांधी टोपी. तेव्हा हीच पद्धत तुमच्या विषयाला लावता येईल. वस्तू समोर ठेवून हे पाच प्रश्न याच क्रमाने विचारा:

1. ही कशाची, कशी आणि साधारण कधी बनली? (साहित्य, शिवण, शिक्का)
2. नियमाप्रमाणे ती कशी असायला हवी होती, आणि कुठे वेगळी आहे?
3. वापराच्या, दुरुस्तीच्या, काढून टाकल्याच्या कोणत्या खुणा आहेत?
4. ती इथपर्यंत कोणाच्या हातांतून आली?
5. यातलं काय कागदातून कळलं नसतं?

पाचव्याचं उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर ती वस्तू प्रबंधात फक्त चित्र म्हणून घाला, साधन म्हणून नको. पण एक जरी गोष्ट निघाली, तर सिनॉप्सिसमधली ती ‘भौतिक साधने’ची ओळ खोडा आणि त्या जागी एक पूर्ण परिच्छेद लिहा: कोणती वस्तू, कुठे ठेवलेली, तिला कोणता प्रश्न विचारणार, आणि उत्तर कोणत्या कागदाशी ताडून पाहणार.

सुरुवात घरापासून करा. आजोबांची किंवा पणजोबांची लष्करातली, पोलिसातली, रेल्वेतली टोपी, बिल्ला, पट्टा माळ्यावर असेल तर खाली काढा. ब्रासो लावून चकचकीत करू नका, धुऊ तर मुळीच नका. आधी चारही बाजूंनी आणि आतून फोटो काढा, आणि घरात जे कोणी त्या माणसाबद्दल सांगू शकेल त्याच्याकडून नाव, गाव, साल लिहून घ्या. ती चिठ्ठी त्याच डब्यात, त्या वस्तूसोबत ठेवा.